डाग तेवढा राहू द्या

आमच्या वाचनमंडळात त्या आयरिश लेखकाची ती अवघड कादंबरी कोणी वाचत नसे. सगळे ती पुन्हा वाचत असत. "सध्या पुन्हा घेतलीय," असं म्हणायचं आणि चष्मा पुसायचा, ही रीत. पहिल्यांदाच वाचणारं माणूस मंडळाच्या इतिहासात एकच आढळतं, आणि तेही मंडळाचं सभासद नव्हतं. त्या एका ड्रायक्लिनिंगच्या दुकानात काउंटरला होत्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, कारण आमच्या मंडळाला ज्यांचा फार आदर होता त्या प्राध्यापक बाईंच्या त्या वहिनी.

दुकान चौकाच्या कोपऱ्यावर, काचेच्या दाराचं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे मशीन आणि मशीनवाला. कपडा घेताना वहिनी तो आधी उजेडात पसरायच्या आणि एकेक डाग गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायच्या, कारण परत नेताना प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, "हा आधी नव्हता." मग खिसे तपासायचे, नाजूक बटणांना चंदेरी कागद गुंडाळायचा, कॉलरच्या आत पिवळी चिठ्ठी टाचायची. डागावरून माणूस ओळखते, असा त्यांचा दावा होता. तो खोटा होता. त्या गप्पांवरून ओळखायच्या आणि नाव डागाचं पुढे करायच्या.

वहिनींचा स्वभाव जळका. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यात थोडा अभिमान असे, जसा काहींना आपल्या रक्तदाबाचा असतो. जावेचा गुडघा बदलला तेव्हा वहिनींना आपले दोन्ही गुडघे धड असल्याचं वाईट वाटलं, कारण महिनाभर घरातलं सगळं येणंजाणं त्या गुडघ्याकडे होतं. समोरच्या चष्म्याच्या दुकानाला दार उघडल्यावर वाजणारी घंटी बसली, तर वहिनींनी मालकाच्या मागे लागून आपल्याही दाराला बसवून घेतली, आणि मग ती सारखी वाजते म्हणून मालकालाच बोलल्या.

एवढ्या जळक्या बाईचं नणंदेशी पटावं, हे आश्चर्य. नणंद म्हणजे बाई. लग्न केलं नाही, जन्मभर साहित्य शिकवलं. कॉलेजात त्यांच्या तोंडी परीक्षेला मुलं थरथरत. पुस्तक वाचलंय की नुसतं गाइड, हे ओळखायची त्यांची एक युक्ती होती: पुस्तकात नसलेला प्रसंग विचारायच्या. "नायिका विहिरीवर रडते तिथे लेखकाला काय सुचवायचंय?" गाइडवाला विद्यार्थी सुचवायचं ते सगळं सांगून टाकायचा. वाचलेला विद्यार्थी घाबरत घाबरत म्हणायचा, "बाई, विहीर आठवत नाही." त्याला पैकीच्या पैकी.

निवृत्तीनंतर काचबिंदूने बाईंची दृष्टी गेली आणि त्या भावाकडे राहायला आल्या. सुरुवातीला भाऊ पेपर वाचून दाखवायचा. पण तो हवामान आणि निधनवार्ता एवढंच वाचायचा, तेही एकाच सुरात, त्यामुळे नक्की कोण गेलं आणि कुठे पाऊस पडला याचा घोळ व्हायचा. शेवटी बाईंनी ट्रंकेतून ती कादंबरी काढायला लावली. दोन विटांएवढी जाड. भाषांतर होतं; भाषांतरकाराने अवघड जागी आणखी अवघड शब्द घालून मुळाशी इमान राखलं होतं.

"परीक्षेसाठी वाचली, शिकवण्यासाठी वाचली," बाई म्हणाल्या. "वाचण्यासाठी वाचायची राहिलीय. वहिनी, तू वाचशील?"

घरातलं हे सारं मला वहिनींच्या नवऱ्याकडून कळलं. ते सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात, आणि घरात बोलायला वाव नसल्यामुळे बाहेर सविस्तर बोलतात.

वहिनी दुकानातून आल्या की हातपाय धुऊन बाईंसमोर बसायच्या. नवऱ्याची चहावर नेमणूक. खूण म्हणून पुस्तकात दुकानातली पिवळी चिठ्ठी. कळत दोघींपैकी कोणालाच काही नव्हतं, असं नवऱ्याचं मत. पण तो एक तास वहिनींना दिवसभर खुणावत राहायचा. दुकानात माणसं कपड्यांची वाट बघतात. काउंटरवर वहिनी आहेत की दुसरं कोणी, याचं कोणाला सोयरसुतक नसतं. घरी मात्र एक माणूस खुर्चीत बसून खास त्यांच्या येण्याची वाट बघत असायचं. जिन्यात चप्पल वाजली की बाई म्हणायच्या, "आली."

एका संध्याकाळी कादंबरीचा नायक गावभर हिंडत असताना भाषांतरकाराने त्याला एक वाक्य दिलं ते संपेचना. पान उलटलं तरी पूर्णविराम दिसेना. वहिनींचा श्वास मध्येच सरला. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. पुस्तकावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "मग तो एका लाँड्रीत शिरला."

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "मग?"

हे "मग?" वहिनींनी पहिल्यांदाच ऐकलं. त्या लेखकाला ते आजवर मिळालं नव्हतं.

मग नायकाने काउंटरवर काळा कोट ठेवला. काउंटरवाली बाई डाग दाखवू लागली. खिशाजवळ चहा, बाहीला शाई, खांद्यावर तपकिरी काहीतरी. नायक म्हणाला, "बाकीचे काढा. खांद्यावरचा डाग तेवढा राहू द्या." तो बायको केसांना लावायची त्या रंगाचा होता. बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची, आणि आता ती नव्हती. काउंटरवालीने चिठ्ठीवर तसं लिहिलं. पण मशीनवाल्याने चिठ्ठ्या वाचायचं सोडून बराच काळ लोटला होता. कोट आला तो लख्ख. नायकाने खांदा उजेडात धरून पाहिला. "छान निघालाय," म्हणाला, आणि कोट अंगात न घालता हातावर टाकून निघून गेला.

असं गिऱ्हाईक खरंच आलं होतं, वहिनींच्या दुकानात. मूळ कादंबरीतल्या नायकाची बायको मात्र चांगली हयात आहे. थोड्या पानांनी ती समोर आली तेव्हा वहिनी गडबडल्या, पण क्षणभरच. त्यांनी तिला नायकाची मावशी करून टाकलं.

त्यानंतर रोज थोडं लेखकाचं, थोडं वहिनींचं. घंटीवाल्या चष्मेवाल्याला त्या कादंबरीत जागा मिळाली, जावेच्या गुडघ्याला मिळाली. पुस्तक त्यामुळे गोगलगाईच्या चालीने सरकायचं, आणि वहिनींना तेच हवं होतं. संपल्यावर वन्सं काय ऐकणार, हा एक प्रश्न. कोणाकडून ऐकणार, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर पायऱ्या चढून आपणहून आलं.

आमचं मंडळ दर वर्षी त्या लेखकाचा दिवस साजरा करतं. त्या वर्षी बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायचं ठरलं आणि निमंत्रण द्यायला मंडळाचे निवेदक गेले. निवेदक म्हणजे रेडिओवरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा आवाज असा, की पुराची बातमी दिली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, चला, कोणीतरी लक्ष घालतंय. बाईंनी त्यांचं निमंत्रण स्वीकारलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मला ही कादंबरी वाचून दाखवाल का? अगदी पहिल्यापासून?"

निवेदक दर रविवारी सकाळी येऊ लागले. रविवारी दुकानात गर्दी. सुट्टीच्या दिवशीच लोकांना मळलेले कपडे आठवतात. वहिनी घरी परतायच्या तेव्हा मोरीत दोन कप असायचे, खोलीत कुठल्यातरी साबणाचा परका वास, आणि पुस्तकात दुसरी खूण. चामड्याची. तिला गोंडा.

वहिनींची पिवळी चिठ्ठी पुढे होती, गोंडा बराच मागे. पण निवेदक पदरचं काही घालत नसत, त्यामुळे गोंडा दर रविवारी झपाझप पुढे यायचा. वहिनी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी पुस्तक बघायच्या.

"आज किती सरकले?" त्या विचारायच्या.

"कोण?" नवरा म्हणायचा.

"तुमचे ते."

"माझे कशाने झाले? मी फक्त चहा करतो. बिनसाखरेचा घेतात."

"बघा! ते पण पाठ झालं तुम्हाला."

नवऱ्याने एकदा सरळ सांगितलं, "इतकी वर्षं संसार केला, पण माझ्यावर कधी एवढी जळली नाहीस."

"तुमच्याकडे बघतंय कोण, जळायला?"

वहिनींची झोप उडाली ती मात्र वेगळ्या कारणाने. गोंडा त्या दीर्घ वाक्याच्या पानाशी आला, आणि पुढच्या रविवारी ते पान ओलांडून गेला. म्हणजे निवेदकांनी ते वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचलं, आणि त्यात कुठेही लाँड्री नव्हती. आता वन्सं विचारणार. वहिनींनी उत्तरं तयार ठेवली: वाचताना ओळ चुकली असेल, पानं चिकटली असतील, रेडिओच्या माणसांना गाळायची सवय असते. बाईंनी काहीच विचारलं नाही. रोजच्यासारखं वाचन ऐकलं, रोजच्यासारखं "मग?" म्हणाल्या. न पकडलेल्या चोराला झोप येत नाही ती अशी.

त्यातच एके दिवशी निवेदकांचा कोट दुकानात आला. त्यांना वहिनी कोण हे ठाऊक नव्हतं. काउंटरकडे बघण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. मंडळाच्या दिवसासाठी घालायचा आहे, जरा नीट करा, म्हणाले. वहिनींनी साबणाचा वास ओळखला, कोट पसरला, खिसे तपासले. घशाच्या गोळ्या, लहान कंगवा. एक बटण सैल होतं. ते तसंच ठेवावं, ऐन भाषणात तुटावं, असं वहिनींच्या मनात आलं. मग त्यांनी ते घट्ट शिवलं, मशीनवाल्याच्या उरावर उभं राहून कोट काढून घेतला आणि इस्त्री दुसऱ्यांदा फिरवली, कारण कोट घालणारा कोणीही असो, चिठ्ठी आपल्या दुकानाची असते. इतका सुंदर कोट निवेदकांना आयुष्यात मिळाला नसेल. वहिनींना त्याचाही त्रास झाला.

मग कार्यक्रम जाहीर झाला. सकाळी फेरी, दुपारी सभा, श्रोत्यांच्या फर्माइशी, आणि शेवटी निवेदकांच्या आवाजात कादंबरीचं शेवटचं प्रकरण, संपूर्ण.

वहिनींची पिवळी चिठ्ठी त्या शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशीच होती. तिथे ती कितीतरी दिवस मुक्काम ठोकून होती.

"वन्सं, शेवट मी वाचणार होते," वहिनी म्हणाल्या.

"वाच की. अडवलंय कोणी? परवा म्हणालीस उद्या. काल म्हणालीस डोकं दुखतंय."

"दुखत होतं."

"आणि आज?"

वहिनींनी पुस्तक उघडलं. चष्मा चढवला. मग चष्मेवाल्याच्या घरी पाहुणे आले. त्यांना चहा झाला, त्यांच्यात वाद झाला, रुसवाफुगवी झाली, आणि तास संपला.

प्रत्यक्ष दिवस उजाडला. त्या कादंबरीत माणसं दिवसभर चालतात म्हणून मंडळही सकाळी चालतं, डोक्यावर हॅट घालून. हॅट कशासाठी, हे विचारायचं नसतं. फेरी औषधांच्या दुकानासमोर थांबली, तिथे एक उतारा वाचला. बँकेच्या दारात दुसरा वाचला. औषधवाल्याला आमची सवय झाली आहे. बँकेचा पहारेकरी नवीन होता, त्याने विचारलं, "मागण्या काय आहेत?" अध्यक्षांनी त्याला तंत्र आणि आशय यांची एकरूपता समजावून सांगितली. तो म्हणाला, "साहेब आत आहेत, त्यांना भेटा."

अध्यक्ष व्यवसायाने करसल्लागार. जन्म कायद्यातल्या पळवाटा शोधण्यात गेल्यामुळे ही कादंबरी त्यांना घरच्यासारखी वाटे. या कादंबरीविषयी लिहिलेली यच्चयावत पुस्तकं त्यांच्याकडे होती, आणि त्या बाबतीत त्यांना हरवणारं गावात कोणी नव्हतं.

दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह भरलं, म्हणजे पुढच्या तीन रांगा भरल्या. बाई मंचावर. निवेदक बाजूला, कोट झळकत होता. वहिनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या, अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ. नवरा शेजारी. मी खिडकीशी.

फर्माइशी सुरू झाल्या. कोणी समुद्रकिनाऱ्याचा उतारा मागितला, कोणी स्मशानाचा. निवेदक पान काढत, वाचत, आणि आम्ही माना हलवत होतो. वहिनींचं लक्ष निवेदकांच्या बोटांकडे होतं. पान उलटण्याआधी ते बोट ओठाला लावायचे. "वन्संच्या पुस्तकाला पण असंच लावत असतील," त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, पण तीन रांगांना ऐकू आलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "आता बाईंनी एक उतारा सांगावा, आणि त्यानंतर आपण शेवटच्या प्रकरणाकडे वळू."

बाईंनी जरा विचार केल्यासारखं केलं. "मला तो लाँड्रीचा प्रसंग ऐकायचाय," त्या म्हणाल्या. "नायक कोट घेऊन जातो, आणि खांद्यावरचा डाग राहू द्या म्हणतो, तो."

मागच्या रांगेतून नवऱ्याच्या तोंडून निघालेला आवाज मला खिडकीशी ऐकू आला. वहिनींनी त्याचा हात इतका घट्ट धरला होता, की पुढचे दोन दिवस फिरताना तो मला मनगट दाखवत होता.

निवेदक पानं चाळू लागले. पुढे गेले, मागे आले. "लाँड्रीचा?" ते म्हणाले. "नक्की कुठे येतो हो तो?"

"मध्यावर," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "अतिशय महत्त्वाचा प्रसंग आहे. डाग हे इथे स्मृतीचं रूप आहे. लेखक नायकाला दुकानात नेतो, म्हणजे खरं तर त्याच्या विवाहाच्या आत नेतो. यावर पुष्कळ लिहून आलंय."

"मृत बायकोची आठवण," बाई म्हणाल्या.

"अर्थात. मृत पत्नी हा तर कादंबरीचा कणाच आहे."

तीन रांगांनी माना हलवल्या. खोटं कशाला बोलू, मीही हलवली.

निवेदकांनी पुस्तक मिटून पुन्हा उघडलं. "मी परवाच शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळं वाचून दाखवलंय बाईंना," ते म्हणाले. "मला हा प्रसंग कुठे लागला नाही."

"आवृत्ती बघा तुमची," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "संक्षिप्त असेल."

तो भरजरी आवाजाचा माणूस, हातात उघडं पुस्तक, आणि वाचायला काही नाही. वहिनी हे सगळं पाहत होत्या. नवरा सांगतो, की लग्नातसुद्धा तिचा चेहरा इतका प्रसन्न नव्हता. त्या गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. पण बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. माझी वहिनी मागे बसलीय, तिला तो येतो. वहिनी, ये गं पुढे."

वहिनी उठल्या. मधल्या वाटेने येताना त्यांनी पदरात धरल्यासारखी आपली पर्स पोटाशी धरली होती. मंचावर त्यांनी निवेदकांच्या हातून पुस्तक घेतलं, लागेल ते पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं. बोट आधी ओठाला लावलं नाही. हे त्यांनी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं केलं.

आणि वाचू लागल्या. काळा कोट, चहा, शाई, खांदा. डाग तेवढा राहू द्या. मशीनवाला, लख्ख कोट, "छान निघालाय." सभागृह शांत झालं. आमच्या मंडळात शांतता नेहमीच असते, पण ही वेगळी होती. ही ऐकण्याची होती. उतारा इथे संपायचा. अध्यक्षांनी टाळीसाठी हात वर घेतले. बाजूला निवेदकांनी शेवटच्या प्रकरणासाठी घसा साफ केला.

तो घसा वहिनींनी ऐकला. त्यांनी पान उलटलं.

"वर्षभराने," त्या वाचू लागल्या, "तोच कोट घेऊन एक बाई दुकानात आली. ही त्याची दुसरी बायको. ती काउंटरवालीला म्हणाली, 'इथे खांद्यावर एक डाग होता ना?' काउंटरवाली म्हणाली, 'होता. निघाला.' ती म्हणाली, 'नीट बघा. निघालाय ना नक्की?' काउंटरवालीने कोट उजेडात धरला. काही नव्हतं. 'मला दिसतो,' ती बाई म्हणाली. 'ते जेवताना खांद्याला हात लावतात. बसमध्ये मी त्या खांद्याशी बसले तर ते मला दुसऱ्या बाजूला बसवतात. माझ्या वाट्याला डावा खांदा आहे. तुम्ही असं करा, हा पुन्हा धुवा.' काउंटरवाली म्हणाली, 'बाई, नसलेला डाग कसा काढायचा?' ती म्हणाली, 'कसा काढतात ते मला काय माहीत? तुमचं दुकान आहे.'"

कोट पुन्हा धुतला गेला. ती पुन्हा आली. वहिनी वाचतच राहिल्या. दुसऱ्या बायकोने केसांना तपकिरी रंग लावून पाहिला, कोटाचं अस्तर बदलून पाहिलं, कोट मोलकरणीला देऊन टाकला आणि संध्याकाळी जाऊन परत मागून आणला, कारण आता तो खांदा कोणा तिसऱ्याच घरी असेल, हे तिला सोसेना. पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी पर्समधून रुमाल काढला. खिडकीबाहेर उजेड उतरत गेला. वहिनी पानं उलटत होत्या, मधूनच त्या घशाकडे एक नजर टाकत होत्या, आणि वाचत होत्या. दुसऱ्या बायकोला चष्मेवाला भेटला. चष्मेवाल्याला घंटी होती.

शेवटी वाचनालयाचा शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवू लागला. "बंद करायचंय," तो म्हणाला. जरा थांबून त्याने विचारलं, "पण त्या कोटाचं काय झालं?"

शेवटचं प्रकरण राहिलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि सांगितलं, की भाषांतर बरं आहे, पण दुसऱ्या बायकोचा भाग मुळातूनच वाचायला हवा. जिन्यात निवेदकांनी वहिनींना गाठलं. ते रागावले नव्हते. ते खरोखरच विचारत होते. "पृष्ठ क्रमांक सांगाल का? मला ते फार आवडलं."

"तुमच्या प्रतीत नसेल," वहिनी म्हणाल्या. आणि राहवलं नाही म्हणून, "कोटाचं तिसरं बटण जपा. मी शिवलंय."

घरी आल्यावर नवरा चहाला गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी कान देऊन उभा राहिला. पुढचं त्याच्याकडून.

वहिनींनी पर्स ठेवली. "वन्सं, ते लाँड्रीचं. पुस्तकात ते..."

"नाहीये. माहितीय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्या लेखकाचं मला एकदम समजायला लागलं की मी ओळखायचे, वहिनी सुरू झाली."

ही स्तुती की चिमटा, हे वहिनींना ठरवता येईना. "मग आज एवढ्या लोकांत कशाला विचारलंत? माझा जीव गेला असता."

"अध्यक्षांची तोंडी परीक्षा घ्यायची होती. बऱ्याच वर्षांची राहिली होती." बाई जरा हसल्या. "तो रेडिओवाला पास झाला. विहीर आठवत नाही म्हणाला बिचारा."

बिचारा हा शब्द वहिनींना लागला. "मग त्यालाच बोलवा. दर रविवारी बोलावलंत तसं."

"बोलावलं ते किती लेखकाचं आणि किती तुझं, याचा हिशोब लावायला. तू सरळ सांगितलं असतंस?"

"म्हणजे तपासत होतात मला. माझे डाग काढत होतात."

"काढत नव्हते. बघत होते, कुठे कुठे आहेत ते." बाईंनी हात पुढे करून टेबलावरचं पुस्तक चाचपलं. गोंडा हाताला लागला, तो काढून त्यांनी बाजूला ठेवला. "ती दुसरी बायको खरंच आली होती, की आज सुचली?"

वहिनींनी तो गोंडा आणखी लांब सरकवला.

"आज सुचली," बाई म्हणाल्या. "आणि लांबली किती! शिपायाने किल्ल्या वाजवल्या नसत्या तर तिला नातवंडं झाली असती."

"मग काय, त्याला वाचू द्यायचा होता शेवट?" वहिनी एकदम फुटल्या. "एवढे दिवस मी घसा सुकवायचा, आणि शेवटाला तो गोळ्या चघळत येणार?" मग पदराची सवय असल्यासारखं त्यांनी बाहीनेच तोंड पुसलं आणि नवऱ्याच्या कानाला अगदी नवा वाटेल अशा आवाजात विचारलं, "वन्सं, खरं सांगा. कोणाचं बरं होतं?"

"तुझं, की निवेदकाचं?"

"त्याचं नाही हो! त्याचं काय आहे त्यात? माझं, की त्या लेखकाचं?"

चहा उतू गेल्याचा आवाज झाला, तरी नवरा दारातून हलला नाही.

बाईंनी बराच विचार केला. तोंडी परीक्षेत गुण देताना करायच्या तसा. "त्याचं एक प्रकरण अजून राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते ऐकल्याशिवाय कसं सांगू? तू वाच, मग सांगते. पण त्याचं तसंच्या तसं वाच. पदरचं घालशील तर निकाल लागायचा नाही."

वहिनींनी पुस्तक ओढून घेतलं आणि पिवळी चिठ्ठी काढली. त्या लेखकावर त्यांनी अशी नजर टाकली, जशी, नवरा म्हणतो, फक्त जावेवर पडते.

तेव्हापासून ते प्रकरण चालू आहे. एक शब्दही पदरचा घालत नाही, असं वहिनी सांगतात; निकाल त्यांना लवकर हवा आहे. पण त्या प्रकरणात म्हणे पूर्णविराम फार कमी आहेत. श्वास संपतो. आणि नवरा सांगतो, की श्वास संपला की अधूनमधून अजूनही ती बाई कोट घेऊन दुकानात येते, आणि खुर्चीतून "मग?" ऐकू येतं.